‘खेप’ म्हणजे फेरी की माल?

ओसरी (धागा)
12 जानेवारी 2021 ला कोव्हिशील्डचे पहिले खोके पुण्याहून निघाले, तेव्हा ‘लशींची पहिली खेप रवाना’ असं छापून आलं. हल्ली डाळीची, खताचीही खेप येते. मराठीत खेप म्हणजे फेरी किंवा वेळ: पाण्याच्या चार खेपा, ‘पुढच्या खेपेला बघू’, दुसऱ्या खेपेचं बाळंतपण. यात माल कुठे आला? माल, साठा, आवक हे शब्द असताना हिंदीतला अर्थ कशाला उचलायचा?

टिपर
साफ अमान्य. ‘मुरमाच्या पाच खेपा टाका’ म्हटलं की गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मुरमाचे. ट्रॉलीचा हौदा 10 × 5 × 2 फूट म्हणजे 100 घनफूट, एक ब्रास. खेप म्हणजे तेवढा माल, हे गावात कुणालाही कळतं. त्याला हिंदी कशाला लागते?

ओसरी
आणि तिथेच फसगत होते. हौदा तीन इंच कमी भरला की साडेबारा घनफूट गेले, खेप मात्र पूर्ण मोजली जाते. ओलसर वाळू तर 20-25 टक्के फुगते; हौदा काठोकाठ दिसला तरी कोरड्या मापाने वाळू 80 घनफुटांच्या आसपासच. दर ब्रासवर ठरवा, टेप लावा. खेपा फक्त फेऱ्या मोजायला ठेवा.

बिल्टी
ट्रान्सपोर्टमध्ये हा फरक पाळावाच लागतो. एका गाडीत 14 जणांचा माल असला तर बिल्ट्या (मालाच्या पावत्या) 14, गाडीची खेप एक. आंतरराज्य माल 50 हजार रुपयांच्या वर गेला की त्याचं ई-वे बिल (मालासोबत लागणारं ऑनलाइन जीएसटी कागदपत्र) वेगळं. वाटेत गाडी बदलली तर त्याच बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नवा गाडी नंबर टाकायचा, बिल तेच राहतं. आता प्रत्येक बिल्टीच्या मालाला ‘खेप’ म्हटलं, तर ड्रायव्हरचा खेपेवरचा भत्ता एकदा द्यायचा की चौदा वेळा? बिल्टीवर नग आणि वजन लिहितात, तेच बरोबर आहे.

टिपर
मापाचं पटलं, टेप लावलीच पाहिजे. अर्थाचं नाही पटलं. ‘एक खेप माती’ आपण म्हणतोच की!

ओसरी
‘दोन वाट्या तांदूळ’ही म्हणतो, म्हणून वाटीचा अर्थ तांदूळ होत नाही. ‘एक खेप माती’त खेप हे माप आहे, माल माती. ‘खताची खेप आली’मध्ये खेपच माल होऊन बसते. मालधक्क्यावर ‘युरियाचा रेक (मालगाडी) लागला’ म्हणतात, बाजार समितीत ‘कांद्याची आवक वाढली’. बातमीतही तेच लिहा, आणि लशींचा ‘पहिला साठा’.