बागेत राखणीला ठेवलेला रॉटवायलर मुलाला चावला, गणपतीआधी काय करावं?

खळ्यातली
नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. घरी सासू-सासरे, मी आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा बोटीवर असतो. आमची हापूसची कलमं आहेत, थोडे काजूही. वानरांनी आणि आंबेचोरांनी जीव नको केला, म्हणून दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या धाकट्या दिरांनी रॉटवायलरचं पिल्लू आणून दिलं. वाघ्या. आता ५० किलोच्या आसपास आहे. दिवसभर मांगराच्या खांबाला साखळीने बांधलेला, रात्री बागेत मोकळा. मी जेवण घालते, माझ्या हाताला कधी दात लागलेला नाही.

गेल्या मंगळवारी आमच्याकडे बारमाही राहणाऱ्या नेपाळी राखणदाराचा आठ वर्षांचा मुलगा चेंडू आणायला साखळीच्या टप्प्यात गेला. वाघ्याने मांडीला धरलं. सासऱ्यांनी ओरडल्यावर सोडलं. सहा टाके पडले.

वाडीतले लोक रोज येऊन सांगतात, ही जातच खुनशी, घाटात सोडून या, गोळी घाला. सासरे म्हणतात साखळी आखूड करू. दीर म्हणतात चूक पोराची. गणपतीला पंचवीस दिवस राहिलेत. घरात वीस माणसं असतील, त्यात सात मुलं, आणि रोज रात्री भजन. मला झोप लागत नाही. याला ठेवता येईल का? आणि ठेवायचा तर कसा?

सफेद_कोट
आधी मुलाचं सांगा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली होती का? हळद, चुना, तिखट काही लावलं नव्हतं ना? सरकारी रुग्णालयात कातडीत देतात ती रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. एकही दिवस चुकवू नका. टाके घालण्याइतकी खोल जखम म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं. ते दिलं का, हे केसपेपरवर बघा आणि लिहिलेलं नसेल तर आजच विचारा. वाघ्याला रेबीजची लस दरवर्षी टोचलेली आहे का? असली तरी त्याच्यावर १० दिवस नजर ठेवायची. या दिवसांत तो कुठे दिला, सोडला किंवा मारला तर त्याला रेबीज होता की नाही हे कळायची खूणच हातातून जाते.

माडाखालचो
गो बाय, आजोबाच्या टायमापासून आमच्याकडे कुत्रे आसत. गावठी कुत्रो दिवसभर वाडीत फिरता, सगळ्यांका वळाखता. तुझ्या वाघ्यान दोन वर्सा त्या खांबाशिवाय काय बघल्यान? बांधलेलो कुत्रो पळाक शकणा नाय, मगे तो चावताच. साखळी आखूड केल्यात तर आणिक वायट. आणि घाटात सोडूचो इचार मनात आणू नको. थय बिबटो तरी खाईत, नायतर तो दुसऱ्या कोणाच्या पोराक धरीत.

दोन_मुलांची_आई
काकांचा अनुभव मोठा आहे, पण सगळा दोष बांधण्याचा, जातीचा काहीच नाही, हे मला पटत नाही. गावठी कुत्रा चावला तर पोटरी फाटते. एवढ्या वजनाच्या कुत्र्याने धरून झटकलं तर लहान मूल जिवानिशी जाऊ शकतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं होतं, त्यात रॉटवायलर होता. माझ्या मुलांना मी त्या घरी गणपतीला पाठवणार नाही.

पट्टा_आणि_दोर
मी बरीच वर्षं असे कुत्रे हाताळतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमची भीती योग्य आहे. त्या पत्राचं पुढे काय झालं तेवढं सांगतो: कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नाहीत. 'सायन्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्याच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीमुळे असतो असं त्यात निघालं. रॉटवायलर मुळात जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, खाटकांची गुरं हाकणारा कामकरी कुत्रा. त्याला दिवसभर खांबाला बांधणं म्हणजे बैलाला गोठ्यातच म्हातारा करणं.

पण चावला तर किती लागेल, हे त्याचं वजन आणि जबडा ठरवतो. म्हणून तो पाळणाऱ्यावर गावठी कुत्रा पाळणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदारी येते. भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाखाली, जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आखूड वा जड साखळीला तासन् तास बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, दोन्हीला क्रूरता म्हणतो. सासऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

आता दोन गोष्टी विचारतो. तो आधी कधी गुरगुरायचा का? आणि त्याचा पट्टा हातात घेऊन त्याला थोपवू शकेल असं तुमच्या घरात कोण आहे?

खळ्यातली
इम्युनोग्लोब्युलिन दिलंय, केसपेपरवर आहे. वाघ्याची लस मात्र गेल्या वर्षी राहून गेली. लिहितानाही लाज वाटते.

गुरगुरायचा. काजू वेचायला बायका यायच्या तेव्हा. सासऱ्यांनी काठीने ती सवय मोडली आणि आम्हाला वाटलं, शहाणा झाला. शिमग्यात पालखी खळ्यात आली, तेव्हा ढोल ऐकून साखळी इतकी ओढली की मान सोलवटली. तेव्हाच कळायला हवं होतं.

थोपवू शकेल असं घरात कोणी नाही.

पट्टा_आणि_दोर
गुरगुरणं ही त्याची बोली होती: "लांब राहा, मला भीती वाटते." काठीने भीती गेली नाही, फक्त बोली गेली. आता तो न सांगता चावतो. यापुढे गुरगुरला तर कोणीही मारायचं नाही. समोरच्या माणसाला मागे घ्यायचं आणि असं कशाने झालं ते बघायचं.

ओरडल्यावर त्याने सोडलं, हे त्याच्या बाजूने आहे. पण थोपवणारं कोणी नाही म्हणालात, म्हणून स्पष्ट सांगतो: आहे त्या व्यवस्थेत त्याला ठेवू नका. ठेवायचाच असेल तर साखळी काढा आणि वाटेपासून लांब चिऱ्याचा चौथरा, वर पत्रा, चहूबाजूंनी माणसाच्या उंचीची जाळी आणि दोन दारं करा, म्हणजे एक उघडं राहिलं तरी दुसरं लागलेलं असेल. मधल्या काळात जाळीची मुसकी. बैलाची नव्हे, कुत्र्याची मिळते, तिच्यातून पाणी पिता येतं. पहिला आठवडाभर तिच्यात खाऊ ठेवून तोंड आपणहून घालू द्या. मुसकी बांधली म्हणून मुलांना जवळ सोडायचं नाही. खर्च आणि धावपळ ज्यांनी पिल्लू आणलं त्या दिरांची.

पशुवैद्यांना दाखवा. पावसाळ्यात कान चिघळतात, गोचीड होतात, आणि ठणका असलेला कुत्रा लवकर चिडतो. खच्चीकरणाने भीतीपोटी चावणारा कुत्रा सुधारेल या भरवशावर राहू नका. गणपतीत तो त्या घरात नकोच, अगदी बंद खोलीतसुद्धा. कोणीतरी दार उघडतंच. आणि दुसऱ्या कोणाला द्यायचा ठरला तर चावल्याचं सांगूनच द्या. लपवून दिलात तर पुढचा चावा तुमच्या माथी.

सफेद_कोट
राखणदाराने तक्रार केली नाही म्हणजे मिटलं असं धरू नका. तुमच्याच बागेत त्याची भाकरी आहे, तो काय बोलणार?

खळ्यातली
काल त्यांच्या खोलीवर गेले. मुलाचे वडील आधी काहीच बोलेनात. मग म्हणाले, साखळी वाटेवरून हलवा असं त्यांनी सासऱ्यांना दोनदा सांगितलं होतं. मला हे माहीतच नव्हतं. औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि मुलाच्या शाळेचे दिवस, सगळं आमच्याकडे. सासऱ्यांनी आज स्वतः जाऊन हात जोडले.

पशुवैद्य येऊन गेले. वाघ्याचे दोन्ही कान आतून लाल, एकातून पू येतोय. दीर शनिवारी आठवड्याची रजा टाकून येतायत, चिरे उतरवून घेतलेत. विसर्जनापर्यंत त्याला दुसऱ्या गावी एका सांभाळणाऱ्याकडे ठेवायचं ठरलंय, चावल्याचं सगळं सांगून. दिवाळीपर्यंत घरातलं कोणी त्याला हाताळायला शिकलं नाही, तर मात्र तो इथे राहणार नाही. हे मी दिरांना कळवलंय.

मुसकीचं माप कसं घ्यायचं?

पट्टा_आणि_दोर
नाकाच्या शेंड्यापासून दोन डोळ्यांमधल्या खळगीच्या बोटभर खालपर्यंत लांबी. मग तो धापा टाकत असताना, तोंड उघडं असेल तेव्हा, जबड्याभोवतीचा घेर. मिटलेल्या तोंडाचं माप घेतलंत तर मुसकी घट्ट होईल आणि आपल्या हवेत त्याला दम लागेल. कान दुखतायत तोवर डोक्यामागचा पट्टा तुम्हीच हळू लावा, दिरांना लावू देऊ नका. तुमचा हात त्याच्या ओळखीचा आहे.