तोफांच्या गेममध्ये ४५ अंशांवर गोळा सर्वांत लांब का जात नाही?

शाहूपुरीची आई:
नमस्कार. १९९१ साली निघालेला ‘स्कॉर्च्ड अर्थ’ हा रणगाड्यांचा गेम आम्ही राजारामपुरीतील संगणक वर्गात तास संपल्यावर खेळत असू. डोंगराच्या दोन बाजूंना रणगाडे, तोफेचा कोन आणि जोर आपण ठरवायचा, वारा पाहायचा आणि गोळा सोडायचा. माझा मुलगा आता अकरावी विज्ञानात आहे. गेल्या आठवड्यात डॉसबॉक्सवर (जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) त्याला तो लावून दिला, तर त्याने लगेच वहीत कोन, जोर, वारा आणि ‘गोळा कुठे पडला’ असे चार रकाने आखले. मात्र समान जोराने ४५ अंशांवर पल्ला सर्वाधिक असतो, हे वर्गात शिकलेले सूत्र त्याच्या नोंदींशी जुळत नाही. कधी ५० अंशांवरचा गोळा पुढे जातो, तर कधी ४० अंशांवरचा. गेमचे गणित चुकीचे आहे, असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला आहे. मला तसे वाटत नाही, पण त्याला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नाही. कृपया जाणकारांनी सांगावे.

कीबोर्ड_कागल:
ताई, गणित चुकीचे असण्याची शक्यता कमी आहे. ४५ अंशांचे सूत्र सपाट जमीन, वारा शून्य आणि हवेचा विरोध शून्य या तीन अटींवर उभे आहे. ‘स्कॉर्च्ड अर्थ’मध्ये जमीन सपाट क्वचितच असते, आणि हवेचा दाटपणा व गुरुत्वाकर्षण हे दोन्ही सेटिंगमध्ये बदलता येतात. हवेचा विरोध चालू असेल तर गोळा चढताना जितका तिरपा जातो त्याहून उभा खाली येतो आणि सर्वाधिक पल्ल्याचा कोन ४५च्या खाली सरकतो. तेव्हा आधी तो विरोध शून्य करून पाहावा.
वाऱ्याचे काम कसे चालते हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर एमएस-डॉस या जुन्या प्रणालीतील क्यूबेसिक या प्रोग्रॅमिंगच्या साधनासोबत पूर्वी मिळणारा ‘गोरिलाज’ हा गेम उघडावा. इमारतींवर उभी असलेली माकडे एकमेकांवर केळी फेकतात तोच तो. त्याचा संपूर्ण कोड वाचता येतो. त्यात वाऱ्याचा आकडा ५ने भागून आलेली संख्या आडवे त्वरण म्हणून धरली आहे आणि गुरुत्वाकर्षण आपण बदलले नाही तर ९.८ असते. म्हणजे तिथला वारा केळे उडत असेपर्यंत त्याला सतत एकाच जोराने ढकलत राहतो. पाठीमागून वारा असेल तर थोडे उंच फेकलेले बरे, कारण जितका वेळ हवेत, तितका वेळ ढकलणे चालू.

निवृत्त_भौतिक:
वरील उत्तर बरोबर आहे. त्यात एका युक्तीची भर घालतो, कारण तिने उंचसखलपणा आणि वारा हे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात. हवेचा विरोध नसेल, तर कमीत कमी जोरात लक्ष्य गाठणारा, म्हणजेच समान जोराने त्या दिशेला सर्वांत लांब नेणारा कोन हा तोफेपासून लक्ष्याकडे जाणारी रेषा आणि उभी रेषा यांच्या बरोबर मध्यावर असतो. लक्ष्य समपातळीवर असेल तर शून्य आणि ९० यांचा मध्य, म्हणून ४५. लक्ष्य १० अंश खाली दिसत असेल तर उणे १० आणि ९० यांचा मध्य, म्हणजे ४०. खालून वर मारायचे झाल्यास उलट. १६६०च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफगोळे डागले होते. गडाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, की अशा माऱ्याला तोंड ४५च्या वर का उचलावे लागते हे आकृतीशिवाय समजते.
वारा आला की ‘उभी रेषा’च कलते, असे माना. ‘गोरिलाज’मध्ये पाठीमागून १० चा वारा असेल तर आडवे त्वरण २ होते. २ आणि ९.८ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणात तो कल सुमारे ११.५ अंश निघतो. म्हणून उभी रेषा ९०ऐवजी १०१.५वर धरायची आणि समपातळीवरच्या लक्ष्यासाठी मध्य काढायचा. उत्तर जवळजवळ ५१. वारा तितकाच समोरून असेल तर ३९. मुलाच्या वहीतील ५० आणि ४० यांचे मूळ इथेच असावे. त्या नोंदी त्याने मुळीच खोडू नयेत.

शाहूपुरीची आई:
सर, आपले आणि कागलकरांचे मनापासून आभार. काल रात्री हवेचा विरोध शून्य केला, वारा बंद केला आणि जवळजवळ सपाट जमीन मिळेपर्यंत फेऱ्या बदलल्या. ४४, ४५ आणि ४६ अंशांवर समान जोराने मारलेले तीन गोळे जवळजवळ एकाच खड्ड्यात पडले. आता वहीत त्याने पाचवा रकाना आखला आहे. त्यावर ‘लक्ष्य किती अंश वर किंवा खाली’ असे लिहिले आहे, आणि रविवारी ‘गोरिलाज’चा कोड वाचायला बसायचे ठरले आहे.