ताईमध्ये जनुकदोष सापडलाय. मग मी चाचणी करायलाच हवी का?

रेवती (धागाकर्ती)
ताईला ओव्हरीचा कॅन्सर झाला. तिच्या तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. तोच दोष माझ्यात असण्याची शक्यता ५० टक्के. घरात एकच धोशा: साधी रक्ताची तपासणी आहे, करून टाक ना! माझं वय ३८, तब्येत ठणठणीत, आणि मला कळून घ्यायचं नाहीये. एकदा कळलं की ते विसरता येत नाही. न कळून घेण्याचा हक्क माणसाला असतो की नाही? चाचणीआधी तज्ज्ञाशी बोलून घ्या, समुपदेशनाला जा म्हणतात, पण तिथेही गोड बोलून हाताला सुईच टोचणार असं वाटतं.

जुनाखोड
हक्क आहेच, पण आकडे बघून तरी वापरा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बीआरसीए-१ मधला दोष असलेल्या बायकांना ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७२ टक्के आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा ४४ टक्के दिसला. स्तनासाठी निदान दरवर्षी एमआरआय करता येतो. ओव्हरीचं तसं नाही, तो वेळेत पकडणारी भरवशाची तपासणीच नाही. म्हणून मुलंबाळं झाली असतील तर ३५ ते ४० या वयात ओव्हरी आणि बीजनलिका काढून टाकायचा सल्ला देतात. तुम्ही ३८ च्या. 'बघू पुढे' म्हणायला फार जागा नाही.

शांतपणे
'काढून टाकायचा' हे तीन सेकंदांत टाइप होतं हो. पाळी एका दिवसात कायमची बंद, हाडांची काळजी वेगळी, झोपेचं खोबरं. आणि एवढं करूनही धोका शून्यावर येत नाही. माझाच अनुभव सांगतो. समुपदेशन न घेता पॅनेल टेस्ट, म्हणजे एकदम बऱ्याच जनुकांची तपासणी केली, रिपोर्ट ईमेलने आला: 'बदल आढळला, अर्थ अनिश्चित'. दोन वर्षं मी तो कॅन्सरचाच दाखला समजून जगलो. पुढे लॅबनेच कळवलं की बदल निरुपद्रवी आहे. रेवतीताई, घाई करू नका.

मीठमिरची
शांतपणे, तुमचा अनुभव खरा, पण तो समुपदेशन टाळण्याविरुद्धचा पुरावा आहे. चाचणीविरुद्धचा नाही! तुमच्या घरात आधी कोणाचा दोष माहीत नव्हता, म्हणून अंधारात जाळं टाकलं आणि नको ते लागलं. इथे बहिणीतला नेमका दोष माहीत आहे. रेवतीची तपासणी फक्त त्या एका जागेची. उत्तर आहे किंवा नाही. 'नाही' आलं तर तिचा धोका चारचौघींइतकाच, ताईला कॅन्सर असूनही. सगळे ५० टक्के म्हणजे वाईट बातमी धरूनच चाललेत, सुटकेचे ५० टक्के कोणी मोजतच नाही.

रेवती
हे मला घरात कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं 'नाही' आलं तरी टांगती तलवार राहणारच. तरी दोन गोष्टी अडतात. मुलगी १५ ची आहे, लगेच तिच्यापर्यंत विषय जाईल. आणि विमा?

जुनाखोड
मुलीची तपासणी आत्ता कोणी करणारही नाही. हे कॅन्सर मोठेपणीचे, तेव्हा ती सज्ञान झाल्यावर तिचं ती ठरवेल. विम्याची शंका रास्त. अमेरिकेत २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला नाही. तुमच्याकडचा नियम चाचणीआधी विचारा, नंतर नव्हे.

आत्याचा भाचा
थोडं अवांतर. सगळे आई-मावशीचंच विचारतात. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आमच्याकडे दोन आत्या गेल्या, पण बाबा धडधाकट म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पुरुषांनीही हसण्यावारी नेऊ नये. बीआरसीए-२ हे असंच दुसरं जनुक, त्यातल्या दोषाने प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो. रेवतीताईंना भाऊ असेल तर त्याला कोणी विचारलंय का?

रेवती
भाऊ आहे. नाही विचारलं, खरंच.

शांतपणे
मी मत बदललेलं नाही. समुपदेशक चांगला असेल तर 'चाचणी नको' हे उत्तरही तो नीट ऐकून घेतो. तसा मिळाला तरच जा.

जुनाखोड
जा, पण 'विचार चालू आहे' म्हणत वर्ष काढू नका.

रेवती
वेळ घेतली आहे, फक्त बोलण्यासाठी. रक्त द्यायचं कबूल केलेलं नाही. त्यांनी वंशावळीचा फॉर्म पाठवलाय: कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं. वडिलांकडच्या रकान्यात अडकले. माझी आत्या 'पोटात पाणी होऊन' गेली, एवढंच घरात बोललं जायचं. आज काकांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तिची जुनी फाइल माळ्यावर आहे, शोधतो.