मदत हवी आहे: ‘फिनिशिंग द गेम’ दाखवण्याआधी लोकांना काय सांगू?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही सिनेमा दाखवतो. पंचवीस-तीस माणसं येतात, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. २० जुलैला ब्रूस लीची पुण्यतिथी असते, म्हणून यंदा त्या आठवड्यात दिग्दर्शक जस्टिन लिनचा ‘फिनिशिंग द गेम’ (२००७) लावायचं चाललंय. परवानगीचं आमचे सचिव बघताहेत. सुरुवातीला पाच मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आहे आणि तिथेच गाडी अडलीय.

सिनेमा माहितीपटासारखा बेतलाय, पण सगळं लुटुपुटूचं. ब्रूस ली गेलाय, त्याचा ‘गेम ऑफ डेथ’ हा सिनेमा अर्धवट पडलाय आणि स्टुडिओ त्याच्या जागी कोण चालेल ते शोधतोय. निवडीला एकेक नमुना येतो. ब्रीझ लू नावाचा नट नकली ब्रूस लीपटांवर जगतो, पण आपण कुणाची नक्कल करतो हे त्याला मान्यच नाही. एक गोरा तरुण आपण अर्धे चिनी असल्याचं छातीठोक सांगतो. आणि डस्टिन न्युएनने रंगवलेला ट्रॉय पून, टीव्हीवरच्या जुन्या नावावर अजून आशा धरून असलेला. मला सगळ्यात जास्त तोच भिडला.

अडचण आमच्या बाबांमुळे कळली. खरा ‘गेम ऑफ डेथ’ त्यांनी तरुणपणी थेटरात पाहिलेला. पडद्यावर अख्खा ब्रूस लीच आहे, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात १९७२मध्ये त्याने पॅगोडातल्या मारामाऱ्या चित्रित केल्या आणि ‘एंटर द ड्रॅगन’साठी काम थांबवलं. १९७३मध्ये तो बत्तिसाव्या वर्षी गेला. पुढे दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउजने नवीच गोष्ट रचून, किम ताय-चुंग आणि युएन ब्याओ यांना त्याच्या जागी उभं करून १९७८मध्ये सिनेमा पुरा केला. त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यंसुद्धा त्यात वापरली.

मागच्या आठवड्यात मी घरी तो लावला आणि आरशाचा प्रसंग थांबवला. आरशात डमी नटाच्या धडावर ब्रूस लीचा कापलेला फोटो दिसतो. बाबा चष्मा वर सरकवून टीव्हीपाशी गेले, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “अरे, हा पुठ्ठा आहे.” मग बराच वेळ गप्प. दुसऱ्या दिवशी लिनच्या सिनेमाबद्दल सांगितलं तर चिडलेच. “गेलेल्या माणसाची कसली थट्टा करता?”

माझ्या मते त्यात ब्रूस लीची थट्टा नाहीच. चेहरा आशियाई दिसला की कुणीही चालेल, असं मानणाऱ्या धंद्याची आहे. १९७२मध्येच अमेरिकी टीव्हीवर ‘कुंग फू’ मालिकेत अर्धचिनी नायकाचं काम डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटाला मिळालं होतं, हे आठवलं की तो गोरा उमेदवार नुसता विनोद राहत नाही. पण हे लोकांना आधी कळलं नाही, तर बाबांसारखी माणसं मध्येच उठून जातील, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

तर जाणकारांनो, सांगा:

आधी मूळ पॅगोडातला, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारबरोबरचा सामना दाखवावा का? सात फूट दोन इंचाच्या माणसापुढे पिवळ्या पोशाखातला ब्रूस ली एकदा पाहिला की त्याची जागा भरणं का अशक्य होतं ते वेगळं सांगावं लागणार नाही, असं मला वाटतं. की आरशाचा पुठ्ठा दाखवूनच सुरुवात करू? त्याने लोक दुखावतील का?

आणि ‘मॉक्युमेंटरी’ला पत्रकावर काय लिहू? ‘लुटुपुटूचा माहितीपट’ मला आवडलंय, पण सचिवांना ते पोरकट वाटतंय. ‘विडंबनपट’ लिहिलं तर ब्रूस लीचंच विडंबन आहे असा समज होईल.

ज्यांनी असा सिनेमा वयस्कर प्रेक्षकांना दाखवलाय त्यांनी जरूर लिहा. पत्रक शनिवारी छापायला जातंय.