वेबसाइटने स्वतःचा फॉन्ट वाचकावर लादावा का?

निळीशाई (धागाकर्ती)

माझं मत आधीच सांगून टाकते. बातम्या, लेख, अर्ज, माहितीपत्रकं असं वाचायचं साहित्य देणाऱ्या वेबसाइटनी मजकुरासाठी स्वतःचा फॉन्ट पाठवणं बंद करावं. वाचकाच्या संगणकात किंवा फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट आहे, त्यातच मजकूर दिसू द्यावा.

एके काळी याला इलाज नव्हता. यंत्रात देवनागरी नसायचीच, त्यामुळे प्रत्येक साइट 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी पाटी लावायची. पुढे युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळलं. विंडोज २००० बरोबर मंगल आला, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. मराठी वाचण्यासाठी आज बहुतेकांना काहीही बसवावं लागत नाही. तरीही साइट उघडली की फॉन्टच्या तीन-चार फाइली पाठीमागून उतरायला लागतात. साधा वेगळा, मध्यम वेगळा, ठळक वेगळा.

देवनागरीला हे जास्त जड जातं. रोमन लिपीचं काम थोड्या आकृत्यांत भागतं. आपल्याकडे अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या धरल्या की एकेका फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या भराव्या लागतात. नेट मंद असेल तर पान उघडतं, चित्रंही दिसतात, पण मजकुराच्या जागी कोरी पट्टी. बहुतेक ब्राउझर फॉन्टची वाट बघत साधारण तीन सेकंदांपर्यंत अक्षरं लपवून ठेवतात. मग आधी घरचा फॉन्ट दिसतो, आणि पाहुणा पोचला की सगळ्या ओळी पुन्हा मांडल्या जातात. वाचता वाचता परिच्छेद खाली सरकतो आणि आपण कुठे होतो ते शोधत बसायचं.

शिवाय हा माझ्या डोळ्यांचा प्रश्न आहे. मला कुठलं अक्षर सोसतं हे साइट बनवणाऱ्याला कसं कळणार? बारीक, करड्या रंगाचं, चिकटून बसलेलं अक्षर मी का वाचू?

अनुस्वार

पूर्ण असहमत. 'यंत्रात देवनागरी आहे' आणि 'मराठी नीट दिसतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा सगळा युक्तिवाद त्या एकच धरून चालला आहे.

'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द घ्या. पहिला डोंगरातला, दुसरा समुद्राचा. पहिल्यात आडवी वळणदार रेघ लागते, दुसऱ्यात रफार. हिंदीला ती आडवी रेघ लागत नाही, त्यामुळे ज्या फॉन्टच्या कर्त्याच्या डोळ्यांपुढे फक्त हिंदी होती, तिथे ती रेघ कुठे चुकीच्या उंचीवर बसते, कुठे 'ऱ' चा पाय मोडलेला दिसतो. 'ॲ' चंही तेच. हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आलं. त्याआधीचा फॉन्ट असलेल्या यंत्रावर 'ॲप' लिहा, एक चौकोन आणि पुढे 'प' दिसण्याची तयारी ठेवा.

मग 'ल' आणि 'श'. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात, पण पानाने 'माझी भाषा मराठी' असं कोडमध्ये जाहीर केलं तरच मराठी रूप वर येतं. मराठी साइटवरचं पान स्वतःची भाषा इंग्रजी सांगतंय, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. टिरो देवनागरी मराठी सारखा फॉन्ट वापरला तर मराठी रूपं मुळातच समोर असतात. तो मोफत आहे, खुल्या परवान्याचा आहे. अशी सोय हाताशी असताना वाचकाच्या यंत्रात जे सापडेल ते चालवून घ्यायचं का?

आणखी एक. यंत्रातल्या फॉन्टला ठळक रूप नसेल तर ब्राउझर साध्या अक्षरालाच कडेने जाड करून ठळक बनवतो. 'क्ष', 'ध', 'ष्ठ' यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा भरून जातात. मथळ्यात 'प्रतिष्ठा' असा शब्द आला की नुसता काळा ठिपका. मासिकवाला टाइप निवडतो तेव्हा आपण 'लादला' म्हणत नाही. वेबसाइटला वेगळा न्याय का?

टर्मिनल

निळीशाई यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

बहुतेक साइट फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून देतच नाहीत, तिसऱ्याच्या सर्व्हरवरून मागवतात. म्हणजे मी लेख वाचायला गेलो की माझा आयपी पत्ता (इंटरनेटवर माझं यंत्र ओळखणारा क्रमांक) आणि ब्राउझरची माहिती त्या तिसऱ्याकडे जाते. मला कुणी विचारलेलं नसतं. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणावरून, गूगल फॉन्ट्स थेट गूगलच्या सर्व्हरवरून जोडल्याबद्दल, एका साइटचालकाला वाचकास १०० युरो भरपाई द्यायला लावली. फॉन्ट स्वतःकडे ठेवूनही वापरता येतात, मग वाचकाचा पत्ता बाहेर द्यायची गरज काय, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

यावर नेहमीचं उत्तर असं: 'सगळ्या साइट एकाच ठिकाणाहून फॉन्ट घेतात, म्हणून तो एकदाच उतरतो.' हे आता खरं नाही. क्रोमने २०२० पासून उतरवलेल्या फाइलींची साठवण साइटनुसार वेगळी केली, सफारीने त्याच्याही कितीतरी आधी. दहा साइटवर एकच फॉन्ट असला तरी तो दहादा उतरतो.

आणि फॉन्टची फाइल म्हणजे निरुपद्रवी चित्र नव्हे. २०११ मधला डूकू हा घातक प्रोग्राम वर्डच्या फाइलमधल्या फॉन्टमधून विंडोजच्या गाभ्यात शिरला होता. २०१५ मध्येही विंडोजला फॉन्ट हाताळणीतल्या भोकासाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. क्रोम आणि फायरफॉक्स आता आलेला फॉन्ट तपासून, गाळून मगच वापरतात, हे चांगलंच आहे. पण जे उतरवायची गरज नाही ते न उतरवणं त्याहून चांगलं.

जुळारी

तुम्ही सगळे 'वाचकाच्या यंत्रातला फॉन्ट' असं म्हणताय जणू ते नीट लावलेलं कपाट आहे. मी डीटीपीत काम करतो. लोकांची यंत्रं रोज बघतो. त्यावर विसंबून राहू नका.

एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन-तीन आवृत्त्या, कुठून तरी उतरवलेल्या, परवान्याचा पत्ता नाही. कुणी आणलेल्या सीडीतून सगळेच फॉन्ट एका दमात बसवलेले. मग पानं लावायचा प्रोग्राम उघडायला वेळ लागतो, यादीत हवा तो फॉन्ट सापडत नाही, आणि एका आवृत्तीत लावलेली ओळ दुसऱ्या यंत्रावर फुटते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून प्रशासक हक्क नसतानाही स्वतःच्या खात्यापुरता फॉन्ट बसवता येतो. सोय चांगली, पण तो वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि काही जुन्या प्रोग्रामना दिसतच नाही. माणूस म्हणतो बसवला, प्रोग्राम म्हणतो नाही. अशा वेळी फाइलवर राइट क्लिक करून 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा पर्याय निवडायचा.

काढण्याचं तर त्याहून अवघड. मॅकच्या फॉन्ट बुकमध्ये फॉन्ट न काढता नुसता निष्क्रिय करता येतो, ते आधी करून बघावं. महिनाभर अडलं नाही तर काढा. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या वैयक्तिकरण विभागात फॉन्टची यादी आहे, तिथून काढायचा. उघड्या प्रोग्राममध्ये वापरात असेल तर निघत नाही, आधी तो प्रोग्राम बंद करा. यंत्रणेचे स्वतःचे फॉन्ट सुरक्षित ठेवलेले असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणि जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट काढताना शंभरदा विचार करा. त्या फाइलींत देवनागरी नसतेच मुळी. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं असतो, त्यांना मराठी रूप देतो तो फक्त फॉन्ट. फॉन्ट गेला की सगळा दस्तऐवज रोमन कचरा. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेला डोळ्याखालून घाला. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कच्चं परिवर्तक असेल तर 'स्थिती' आणि 'वर्षी' इथेच घसरतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरलेला असतो, ती तशीच दिसत राहते. म्हणून जुन्या कामाची एक पीडीएफ काढून ठेवायची आणि मग फॉन्टला हात लावायचा.

तेव्हा साइटने स्वतःचा फॉन्ट पाठवावा हेच बरं. निदान तो उतरतो ब्राउझरच्या तात्पुरत्या साठवणीत. यंत्रात बसत नाही, काढावा लागत नाही, इतर कामात लुडबुड करत नाही.

निळीशाई

जुळारी, तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, तो अनेकांना माहीतही नसतो. पण तुम्ही वर्णन केलंत ते छपाईची कामं करणाऱ्यांचं यंत्र. सर्वसाधारण वाचकाने आयुष्यात एकही फॉन्ट बसवलेला नसतो. त्याच्या फोनमध्ये कंपनीने दिलेला एक देवनागरी फॉन्ट आहे आणि तो रोज त्यातच निरोप वाचतो.

अनुस्वार, 'ल' आणि 'श' बद्दल तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. पानाने भाषा मराठी सांगितली तर मराठी रूप मिळतं. म्हणजे कोडमध्ये एक शब्द बरोबर लिहायचा आहे. त्यासाठी प्रत्येक वाचकाकडे फाइली कशाला पाठवायच्या? आणि छापील अंकाशी तुलना मला पटत नाही. छापलेलं अक्षर वाचकाला बदलता येत नाही म्हणून संपादकाने निवडायचं. पडद्यावर ते बदलता येतं. जे बदलता येतं ते वाचकाच्या हातात ठेवा.

वेलांटी

मला कमी दिसतं, म्हणून हे मी प्रत्यक्ष करते. फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये 'पानांना स्वतःचे फॉन्ट निवडू द्या' अशी एक खूण आहे, ती मी काढून टाकली आहे. सगळ्या साइट माझ्या जाड, मोकळ्या फॉन्टमध्ये येतात. क्रोममध्ये हे इतक्या सरळ होत नाही. तिथे तुम्ही निवडलेला फॉन्ट फक्त साइटने काही सांगितलं नसेल तेव्हाच लागतो.

अडचण अशी की ज्या साइटनी बटणांवरची चिन्हंसुद्धा फॉन्टमधून आणली आहेत, तिथे शोधाचं भिंग, मेन्यू, पुढे-मागे जायचे बाण, सगळ्यांचे चौकोन होतात. कुठला चौकोन दाबायचा हे अंदाजाने ठरवते. फॉन्ट पाठवायचा की नाही यावर वाद घाला, पण चिन्हांसाठी फॉन्ट वापरणं तरी बंद करा. चित्र वापरा, त्याला नाव द्या.

अनुस्वार

वेलांटी, चिन्हांबद्दल शंभर टक्के सहमत.

निळीशाई, एका शब्दाने काम होतं, पण यंत्रातल्या फॉन्टमध्ये ते रूप भरलेलं असेल तरच. नसेल तर भाषा कितीही जाहीर करा. आणि तुमच्या तक्रारीतला मोठा भाग वाईट बांधणीबद्दल आहे. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, टर्मिनल यांचा पत्त्याचा प्रश्न मिटला. वॉफ-२ या वेबसाठीच्या फॉन्ट-स्वरूपात द्या, फाइल बरीच आवळली जाते. लिपीनुसार तुकडे करा, म्हणजे रोमन मजकूर नसलेल्या पानावर रोमन भाग उतरणारच नाही. जाड्या दोनच ठेवा. अक्षरं लपवू नका, घरच्या फॉन्टमध्ये लगेच दाखवा असं सांगायची सोय सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, आहे. मात्र तुकडे पाडताना हौसेने जोडाक्षरं कापू नका. फाइल लहान करायच्या नादात जोडणीचे नियमच काढून टाकलेल्या साइट मी पाहिल्या आहेत, तिथे 'विद्यार्थी' मध्ये 'द्' चा पाय मोडलेला दिसतो.

आणि खरं लादणं कुठे होतं ते सांगतो. इंग्रजी साच्यातली ओळींची उंची मराठीला तशीच लावली की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. मथळ्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. त्यात फॉन्ट तुमच्या यंत्रातला असो की साइटचा, वाचकाचे हाल सारखेच.

टर्मिनल

तुमची यादी नीट पाळणारी साइट असेल तर माझा विरोध उरत नाही. फक्त तयार साचे वापरणाऱ्या साइटना ही यादी माहीत नसते, साच्यात जे येतं ते चालू राहतं. म्हणून सुरुवातीलाच फॉन्ट नको, असं मी म्हणतो. आणि लोकहो, वाचकाने स्वतः फॉन्ट बसवावा हा सल्लाही सरसकट देऊ नका. सफारी २०१८ पासून वेबसाइटना फक्त यंत्रणेबरोबर आलेलेच फॉन्ट वापरू देतं, कारण बसवलेल्या फॉन्टच्या यादीवरून माणूस ओळखता येतो. तिथे तुम्ही कितीही सुंदर फॉन्ट बसवा, साइटला तो मिळणार नाही.

सीएसएसमध्ये 'ऑप्शनल' नावाचा पर्याय आहे. फॉन्ट क्षणार्धात पोचला तर वापरायचा, नाहीतर ते पान शेवटपर्यंत घरच्या फॉन्टमध्येच ठेवायचं. ओळी उड्या मारत नाहीत. हे दोघांनाही चालेल का?

अनुस्वार

मला नाही. मराठी साइटवर बरेच लोक कुणीतरी पाठवलेल्या दुव्यावरून येतात, एक लेख वाचतात आणि जातात. नेट मंद असेल तर त्यांना आमचा फॉन्ट कधीच दिसणार नाही, आणि जुना फोन असलेल्यालाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते. 'ॲ' च्या जागी चौकोन त्यालाच दिसतो.

निळीशाई

मला चालेल. त्या मंद नेटवाल्याला लेख लगेच वाचायला मिळतो. 'ॲ' साठी चौकोन येत असेल तर ते एकच अक्षर असलेला छोटा तुकडा पाठवा, बाकीचं त्याच्या फोनमध्ये आहे. हे तुकडे करून देता येतात असं तुम्हीच वर लिहिलंय.

अनुस्वार

एका अक्षराचा तुकडा पाठवला तर तो 'ॲ' शेजारच्या 'प' पेक्षा वेगळ्या जाडीचा दिसेल आणि शिरोरेषा वर-खाली होईल. करून बघा, मग बोलू.

वेलांटी

चौकोनापेक्षा वर-खाली शिरोरेषा मला चालेल.