तिसरीतल्या मुलीचे प्रश्नच बंद झालेत, काय करू?

चिऊची_आई
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, मराठी माध्यम. बालवाडीत होती तेव्हा दिवसभर डोकं खायची, पोळी का फुगते, चांदोबा आपल्या रिक्षाबरोबर का येतो, मुंग्या झोपतात का. आता सहा-आठ महिने झाले, सगळं थांबलंय. अभ्यास नीट, मार्क चांगले, बाईंची काही तक्रार नाही. पण परवा गच्चीवर इंद्रधनुष्य दाखवलं तर म्हणते "हे परीक्षेला आहे का?" माझ्या पोटात कालवलं अगदी. खोदून विचारल्यावर कळलं की वर्गात काही विचारलं की "धड्यातलं विचार" असं ऐकायला मिळतं आणि मुलं हसतात. एकट्या शाळेला तरी काय बोलणार, मीही कितीदा "नंतर सांगते" म्हटलंय आणि ते नंतर कधी आलंच नाही. बाराशेचं सायन्स किट आणलं, दोन दिवसांत कपाटात गेलं. मोबाईलवर विज्ञानाचे व्हिडिओ बघते पण नुसतीच बघते. एखादा ॲक्टिव्हिटी क्लास लावू का? की उशीर झाला?

माळावरचा_मास्तर
ताई, कसला उशीर, आठच वर्षांची आहे पोर. मी जि.प. शाळेत आहे, 19 वर्षं झाली, सध्या तिसरी-चौथी एकाच खोलीत.

माझा अनुभव सांगतो. चपलांच्या खोक्याची प्रश्नपेटी केली, म्हटलं मनात येईल ते लिहून टाका. महिनाभर चिठ्ठ्या काय आल्या, तर "महाराष्ट्राची राजधानी कोणती" आणि "सात आठे किती". म्हणजे पोरांच्या लेखी प्रश्न म्हणजे काय, तर ज्याचं उत्तर गुरुजींना आधीच माहीत असतं ते. दोन रात्री झोप लागली नाही मला, कारण हे त्यांना शिकवलं कुणी, तर आम्हीच. मग मीच चिठ्ठ्या टाकायला लागलो, मला स्वतःला खरंच पडलेल्या प्रश्नांच्या. पहिली होती, शाळेच्या उत्तरेच्या भिंतीलाच शेवाळ का, दक्षिणेच्या का नाही? पोरं भिंती बघत फिरली, मग ऊन कुठं किती वेळ असतं ते बघायला लागली, मैदानात काठी रोवून सावली मोजणं सुरू झालं, आणि एक पोरगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला "गुरुजी, सावली कधी पूर्ण जातच नाही का?"

जाते ना. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो. कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात 13-14 मेच्या सुमारास, नागपूरला त्याच महिन्याच्या शेवटाकडे. दुसऱ्या वेळी पावसाळा असतो, ढगात बहुतेक चुकतो. दुपारी साडेबाराच्या आसपास तांब्या उलटा ठेवून बघा, सावली बुडाखालीच. सुट्टी लागलेली असूनही अकरा पोरं तांबे घेऊन शाळेत आली होती त्या दिवशी.

किटचं म्हणाल तर त्यात सगळं ठरलेलं असतं, शोधायला काही उरतच नाही. त्यापेक्षा अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून केलेली खेळणी बघा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, वेबसाईटवर सगळं फुकट आहे, मराठीतही. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घ्या, त्रिकोण करा, चौकोन करा. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. काही समजावू नका. नंतर कधीतरी तिला विजेच्या टॉवरखाली नेऊन उभी करा, त्यातले त्रिकोण तिचे तिलाच दिसू द्या.

अंगणातलं_लिंबू
मास्तर म्हणतात ते "समजावू नका" फार खरं आहे हो, मी ते चूक करूनच शिकले. आमच्या कुंडीत लिंबाचं रोप आहे, त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. मोठ्याच्या वेळी मी उत्साहाने सगळं सांगून टाकलं, व्हिडिओ पण दाखवला, दोन मिनिटांत संपलं त्याचं कुतूहल. धाकटीच्या वेळी गप्प बसले. एवढंच म्हटलं की कुणीतरी पानं खातंय बघ. तिनेच अळी शोधली, बरणीत पानं टाकून वर फडकं बांधलं, रोज चित्र काढायची, आणि एक दिवस अळी हिरवीगार झाली तर म्हणाली कुणीतरी बदलली! हात लावला की डोक्यातून नारिंगी शिंगं निघतात आणि उग्र वास येतो, ते तर बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना दाखवून झालं. एका कोशातून अकराव्या दिवशी फुलपाखरू आलं. दुसऱ्यातून मात्र फुलपाखरू नाहीच, बारीकशी गांधीलमाशी आली आणि कोशाला भोक. खूप रडली. पण रडून झाल्यावर जे प्रश्न विचारलेत तिने, गांधीलमाशी आत गेली कधी, अळीला कळलं का, माझ्याकडे उत्तरं नव्हती, आम्ही दोघी लायब्ररीत गेलो. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात हे तिथेच कळलं, 2015 ला जाहीर झालं म्हणे. क्लासचे पैसे वाचवा आणि एक लिंबाचं रोप आणा, पण फवारणी करू नका.

पाढेवाला_बाबा
सगळं पटतंय, पण एक वेगळं मत मांडतो. आमच्या सोसायटीत "मजेत शिकू दे" म्हणता म्हणता चौथीतल्या मुलांना पाढे येत नाहीत, जोडाक्षरं नीट लिहिता येत नाहीत. माझ्या आजोबांनी अंगणात बसवून आमच्याकडून तीसपर्यंत पाढे घोकून घेतले, आज दुकानात बसल्यावर त्याचा उपयोग होतो. पाठांतराला इतकं वाईट ठरवू नका.

माळावरचा_मास्तर
बाबा, मी पाढे सोडलेले नाहीत, रोज सकाळी होतात. एका मुलीने नऊचा पाढा म्हणता म्हणता मध्येच थांबून सांगितलं की 18, 27, 36, सगळ्यांच्या अंकांची बेरीज नऊच येते. पाढा पाठ होता म्हणून तिला ते दिसलं. फक्त तेव्हा "पुढे म्हण" असं म्हणायचं नाही, एवढंच पथ्य. पाढा पाच मिनिटं थांबला तर बिघडत नाही.

चिऊची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. कालचं सांगते. तिच्या शाळेच्या शर्टावर वरणाचा डाग होता, साबण लावला तर लालभडक झाला. नेहमी मी तसाच घासून टाकते, काल हाक मारली. "का झालं लाल?" म्हणाली. मी म्हटलं मला नाही माहीत, बघूया का अजून कशाने होतं? मग जुन्या फडक्याला हळद लावून बसलो दोघी. चुना लाल, खायचा सोडा थोडासा लालसर, मीठ काहीच नाही, आणि लाल डागावर लिंबू पिळलं तर परत पिवळा! सासूबाई आतून म्हणाल्या, अगं कुंकू असंच तर करायचे, हळदीला चुना देऊन. ती आजीकडे बघतच राहिली. वहीत लिहून ठेवलंय सगळं, तिचं तिनेच. रात्री दिवा बंद केल्यावर अंधारात विचारते, "आई, बीटाच्या डागाचं पण असं होतं का?"

उद्या बीट आणतेय. सर, ती व्हॉल्व्ह ट्यूब कुठं मिळेल?

माळावरचा_मास्तर
कुठल्याही सायकल दुरुस्तीच्या दुकानात मागा, स्वस्त असते. आणि काड्यांचं गुल आधी तासून काढा, मगच हातात द्या. बीटाचं काय होतं ते इथे नक्की लिहा, मी करून बघितलेलं नाही.