मदत हवी आहे: फिश टँक खालच्या कोपऱ्यातून झिरपतोय

टँक ३६ × १२ × १५ इंची, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण १०६ लिटर. सात वर्षं जुना. मागच्या उजव्या कोपऱ्यात, तळाच्या जोडातून रात्रभरात वाटीभर पाणी गळतं. काच तडकलेली नाही, स्टँडही लेव्हलमध्ये आहे (पाणसळ लावून पाहिलं).

पाणी असतानाच बाहेरून सिलिकॉन फासलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा ओल. चूक माझीच. आता टँक रिकामा केलाय. नागपूरच्या बर्डी बाजारातून साधं, बुरशीनाशक नसलेलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणलंय. आतलं जुनं ब्लेडनं खरवडायचं, स्पिरिटनं पुसायचं, इथवर कळतं.

पण नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही म्हणतात. मग फक्त तो कोपरा केला तर सांध्यावर पुन्हा गळेल का, की आतले सगळेच जोड खरवडावेत? दुसरं, सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं सुकतं आणि आपल्याकडे मे महिन्यात हवा ठणठणीत कोरडी. चार गोल्डफिश टबात, कूलरच्या खोलीत एअर पंपावर आहेत. फार दिवस ठेवायची हिंमत नाही. या उन्हाळ्यात नागपुरात कुणी टँक जोडला असेल तर सांगा, पाणी भरायला किती दिवस थांबलात?